चिमणराव, खोपडी आणि आबा टिपरे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, टीव्हीवरची कुठली माणसं माझ्या लक्षात राहिली. मी घाईघाईत तीन-चार नावं सांगितली, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. तू आता मालिकेचे संवाद लिहिणार, त्यातल्या आजोबांचं पात्र तुझ्या वाट्याला आलंय, म्हणून सावकाश लिहिते.

पहिला मान चिमणरावांचा. चिं. वि. जोशींनी त्यांना कागदावर कधीच अमर करून ठेवलं होतं. पुण्यात १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं आणि ते दशक संपता संपता दिलीप प्रभावळकर चिमणराव होऊन आमच्या वाड्यात आले. वाड्यात टीव्ही एकाच घरी, त्यामुळे सगळी बिऱ्हाडं तिथे चटयांवर. तो किनरा आवाज, कोट-टोपी, पुस्तकी मराठी आणि अंगात बळ नसताना आणलेला आव! शेजारी बाळ कर्व्यांचा दणकट गुंड्याभाऊ. आम्ही पोरं नुसत्या त्यांच्या चालण्याला हसायचो.

मोठी झाल्यावर मला त्यातली खरी करामत कळली. चिमणराव एकट्याने विनोदी नव्हतेच. बायकोपुढे, म्हणजे काऊपुढे, त्यांची फजिती एका तऱ्हेची, आईपुढे दुसऱ्या तऱ्हेची, आणि गुंड्याभाऊ बरोबर असला की आधी फुशारकी आणि मग पळापळ. माणूस तोच, पण समोर कोण उभं आहे त्यावर त्याचा आवाज, पाठीचा कणा, सगळं बदलायचं. आपल्या घरातही असंच असतं की. तुझे बाबा बँकेत कसे बोलायचे आणि तुझ्या आत्याशी कसे बोलतात, आठवून बघ.

मग हिंदी मालिकांची लाट आली. १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झालं. बडकीच्या लग्नाची काळजी आमच्या शेजारणी स्वतःच्या मुलीची करावी तशी करत होत्या. पण माझा जीव जडला तो ‘नुक्कड’वर. कुंदन शाह आणि सईद मिर्झांनी रस्त्याचा एक कोपरा घेतला आणि तिथे कामाची माणसं उभी केली. सायकल दुरुस्त करणारा हरी, विजेची कामं करणारा गुरू, कादरभाई, गणपत हवालदार. आणि समीर खक्करचा खोपडी. दारुडा म्हटलं की पडद्यावर एक तर हसं तरी होतं, नाहीतर उपदेश तरी. खोपडीच्या बाबतीत दोन्ही झालं नाही. तो झोकांड्या देत यायचा आणि बाकीचे त्याला आपल्यातलाच धरून बोलायचे. त्या मंडळींनी त्याला माणसात ठेवलं म्हणून आम्हीही ठेवलं. २०२३ मध्ये खक्कर गेले, तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

‘रजनी’ मालिकेतल्या रजनीचं तर काय सांगू! प्रिया तेंडुलकर साधी साडी नेसून, खांद्याला पर्स लावून अन्यायाविरुद्ध उभी राहायची. टॅक्सीवाल्यांवरचा भाग लागला तेव्हा मुंबईतले टॅक्सीवाले निषेधाला दूरदर्शनवर गेले होते. मी तेव्हा कॉलेजात होते. एका गृहिणीच्या पात्राचा एवढा राग यावा, याचा मला फार अभिमान वाटला, आजही वाटतो.

‘आभाळमाया’ तुझ्या लहानपणीची, १९९९ ची. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी मला आवडली ती तिच्या नोकरीमुळे. ती प्राध्यापक होती आणि घरात संसाराची वाताहत होत असतानाही तिला उद्याच्या तासाला उभं राहायचं असायचं. आताच्या मालिकांत बायका दिवसभर दागिने घालून हॉलमध्ये उभ्या असतात, त्यांना कुठे जायचंच नसतं. मला त्यांची नावं आठवड्याभरात विसरायला होतात.

आणि आता आबा, टिपऱ्यांच्या घरातले आजोबा. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ मध्ये आली, केदार शिंदेंनी केलेली. प्रभावळकरांनी स्वतःच्याच ‘अनुदिनी’ पुस्तकातलं हे घर पडद्यावर आणलं. त्यांचा जन्म १९४४ चा, म्हणजे आबा झाले तेव्हा ते साठीच्याही आत होते. तरी उठताना गुडघ्यावर हात, बोलण्याआधी घेतलेला तो जरासा वेळ, सगळं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं. चिमणराव आणि आबा एकाच माणसाने केले, यावर तुझ्या आजीचा विश्वास बसत नव्हता.

आबा घरात सगळ्यांना शहाणपण शिकवत बसत नव्हते, हे मला फार मोलाचं वाटतं. मुलगा शेखर चिडला, सून श्यामलाचा जीव टांगणीला लागला, नातू शिऱ्याचं पुन्हा काहीतरी फिसकटलं, की आबा बघायचे, एखादा खट्याळ शब्द टाकायचे आणि रात्री डायरी लिहायला बसायचे. दिवसभरात जे तोंडावर बोलले नाहीत ते तिथे उतरायचं. म्हाताऱ्या माणसाला घरात किती गोष्टी गिळाव्या लागतात, हे एकही रडका प्रसंग न घालता त्या डायरीने आम्हाला दाखवलं. तुझे आजोबा तेव्हा आपल्याकडेच होते. मालिका संपल्यावर ते बराच वेळ काही बोलायचे नाहीत आणि मीही टीव्ही लगेच बंद करायची नाही.

तू पाठवलेला तुझ्या पात्राचा कागद मी वाचला. ‘करारी, प्रेमळ, कुटुंबाचा आधारस्तंभ’ असं त्यात लिहिलंय. एवढ्यावर मला ते आजोबा दिसत नाहीत गं. ते कुठल्या खात्यातून निवृत्त झाले? दुपारी सगळे बाहेर गेल्यावर काय करतात? सुनेकडे औषधाचे पैसे मागायची वेळ आली तर कसे मागतात, की मागतच नाहीत? नातवाशी बोलतात तसं मुलाशी का बोलता येत नाही त्यांना? चॅनेलवाले विचारणार नाहीत, पण तू ठरवून ठेव आणि रविवारी फोन करशील तेव्हा मला सांग. मी ऐकायला आतुर आहे.

बाबांनी आशीर्वाद सांगितले आहेत. रात्रीची जागरणं फार करू नकोस.

तुझी,
आई