टाइल्स लावा, पण जुन्या भिंतीला सिमेंट फासू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या बागेत सिरॅमिकचं काम करायचं घाटतंय, म्हणजे मोठं म्युरल, मातीचे मोर-घोडे, फुटक्या टाइल्सची नक्षी केलेले कट्टे वगैरे. चांगलंच आहे, त्या फायबरच्या डोळे वटारलेल्या जिराफांचा कंटाळा आलाय सगळ्यांना. पण म्युरल कुठं तर म्हणे बागेला लागून जी जुनी दगडी भिंत आहे तिच्यावर, सिमेंट मारून टाइल्स थेट चिकटवायच्या! हे ऐकलं आणि राहवेना, म्हणून हे पत्र.

आपला काळा दगड पाणी फारसं पीत नाही, पाणी आत-बाहेर होतं ते दगडांमधल्या चुन्याच्या दरजांमधून (सांध्यांमधून), पावसाळ्यात भिंत भिजते आणि उन्हाळ्यात तिथूनच वाळते. त्यावर सिमेंट थापलं की वाट बंद. पाणी मागं साठतं, क्षार वर येतात, लोणा लागतो, आणि मग टाइल्स फुगून पडतात त्या एकट्या पडत नाहीत, दरजांमधला चुना पण घेऊन पडतात. सातारच्या पावसात हे व्हायला फार वर्षं लागणार नाहीत.

ठेकेदारांना एकदा साताऱ्याजवळच्या लिंब गावाला न्या. बारामोटेची विहीर १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली, ११० फूट खोल, ५० फूट व्यास, एका वेळी १२ मोटा चालायच्या म्हणून हे नाव. तिथं वाघ-सिंह कोरलेत ते बांधकामाच्या घडीव दगडातच, वरून चिकटवलेलं काही नाही. आणि वाईचा ढोल्या गणपती घ्या, १७६२ चं देऊळ, मागची भिंत माशाच्या आकाराची केलीय ती शोभेसाठी नव्हे तर कृष्णेचा पूर आला की पाणी कापलं जावं म्हणून. आधी पाण्याचा विचार आणि मग आकार, आपल्याकडं उलटं चाललंय, आधी डिझाइन मग पाणी कुठं जाईल ते बघू.

म्युरल करायचंच असेल तर भिंतीपासून वीतभर लांब करा. वेगळं जोतं बांधा, त्यावर लोखंडी फ्रेम उभी करा, मागं हवा खेळू द्या, जोत्याला उतार ठेवा. तुकडे फ्रेमला स्क्रूनं बसवले की एखादा फुटला तर तेवढाच बदलता येतो.

आता मातीबद्दल. नुसतं टेराकोटा ९००-१००० डिग्रीला भाजतात, ते पाणी शोषतं आणि पावसाळ्यात हिरवं शेवाळ धरतं, कुणाला ते आवडतं, मलाही आवडतं खरं, पण म्युरलवरचा चेहरा शेवाळला तर लोक हसतील. बाहेर ठेवायचं काम स्टोनवेअरमध्ये करा, ते १२०० च्या वर भाजतात, पाणी जवळपास घेत नाही. माती वाळताना आणि भाजताना मिळून १०-१२ टक्के आकसते, म्हणून मापं आधीच वाढवून धरावी लागतात, हे नकाशा काढणाऱ्याला माहीत असलं पाहिजे नाहीतर तुकडे जुळणार नाहीत. मोठे घोडे आतून पोकळ ठेवा, जाड गोळा भट्टीत तडकतो.

वेळापत्रक पण बघा. श्रावणात कुंभारवाड्यात गणपतीच्या कामातून डोकं वर काढायला कुणाला वेळ नसतो आणि पावसात ओलं काम वाळतही नाही. दिवाळीनंतर सुरू करा, मृग लागायच्या आत बसवून मोकळे व्हा. आणि काम आपल्याच कुंभारांकडून करून घ्या की, बाहेरून कलाकार आणायचा असेल तर आणा, पण त्याच्याबरोबर इथली दोन पोरं शिकू देत.

टेंडरमध्ये एक ओळ घालावी ही विनंती : जुन्या भिंतीला सिमेंट, खिळा, ऑइल पेंट काहीही लावायचं नाही. नकाशा मंजूर करायच्या आधी आठवडाभर बागेच्या गेटवर लावा, रोज फिरायला येणारे आम्ही बघून काय ते सांगतोच.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा