रेकॉर्ड रूमच्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वंशावळीत खापरपणजोबांच्या नावापुढे "काशीस गेले" एवढंच होतं. ते काशीला गेलेच नव्हते. १८८६ साली रत्नागिरीत सुरू झालेल्या वेड्यांच्या इस्पितळात होते आणि तिथेच वारले. हे तुमच्यामुळे कळलं, म्हणून हे जाहीर आभार.

तुमच्या आधी जिथे विचारलं, तिथे "वेड्यांचे कागद कोण सांभाळतं?" म्हणत हसून वाटेला लावलं. आडनाव संगणकात टाकलं, सापडलं नाही, विषय संपला. तुम्ही आडनाव विचारलंच नाहीत. जुन्या नोंदवहीत बऱ्याचदा ते नसतंच. माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, धंदा, तेही कारकुनाला ऐकू आलं तसं इंग्रजीत. तुम्ही गाव आणि बापाचं नाव घेतलंत आणि दाखल, सुटका, मृत्यू अशा तिन्ही वह्या ताडून पाहिल्यात. वेड्यांच्या इस्पितळांसाठीच्या १८५८ च्या कायद्याने पोलिसांनी आणलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने दाखल करत. हुकमाची तारीख हाती आली की जिल्ह्याच्या फौजदारी दप्तरातही माग लागू शकतो, ही वाटही तुम्हीच दाखवलीत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या इस्पितळांचे वार्षिक अहवाल ऑनलाइन ठेवले आहेत, पण त्यात आकडे आहेत. माणसं तुमच्या गठ्ठ्यांत आहेत.

वेडाच्या कारणाच्या रकान्यात "गांजा" होतं. ते वाचून मान खाली जाण्याआधीच तुम्ही म्हणालात, "यावर लगेच विश्वास ठेवू नका." हा रकाना बहुतेक वेळा पोलिसांकडून आलेल्या कागदावरून भरला जाई. १८९३-९४ च्या गांजा-चरस आयोगाने अशा नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा कित्येकांच्या नावापुढे धड चौकशी न करताच गांजा लिहिल्याचं निघालं. निदानाच्या "डिमेन्शिया"चंही तेच. तो म्हातारपणीचा विसर नव्हे. जुनाट, बरं न होणारं वेड अशा अर्थाने डॉक्टर तो शब्द वापरत. फेफरं येणारी माणसंही तेव्हा तिथेच ठेवत. मृत्यूचं कारण हगवण. त्या काळच्या इस्पितळांत हगवणीने आणि क्षयाने फार माणसं नेली.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. एका पानावर दोघांच्या नोंदी होत्या. वही आमच्यापुढे सरकवण्याआधी तुम्ही एक कोरा कागद घेतलात आणि खालच्या माणसाची नोंद झाकलीत. सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेला कोणी परका, ज्याची चौकशी करायला कदाचित कोणी येणारही नाही, त्याचीसुद्धा अब्रू तुम्ही राखलीत. असं वागायला कुठला शासन निर्णय सांगत नाही. कोणी बघत नसतानाही माणुसकीने काम करणारी माणसं आपल्या दप्तरांत आहेत आणि त्यांचं नाव कधी कुठे येत नाही, याचं वाईट वाटतं.

घरात खापरपणजोबांच्या भावाने केलेल्या अर्जाची मोडीतली नक्कल निघाली आहे. लिप्यंतर झालं की एक प्रत तुमच्या दप्तराला देऊ. त्या नोंदीसोबत ठेवता येईल का, तेवढं कळवा. आणि वहीच्या कडा फार ठिसूळ झाल्या आहेत. कोणी लॅमिनेशन सुचवलं तर कृपया करू देऊ नका, ते नंतर कागद फाडल्याशिवाय निघत नाही. जपानी टिश्यू म्हणजे पातळ, चिवट कागद आणि गव्हाची खळ यांनी दुरुस्ती होते. त्याचा खर्च आम्ही आनंदाने करू.

आपले ऋणी,
एक कोकणी कुटुंब