उमरेड रोडपल्याडच्या काका-काकूंचे आभार

निळ्या छातीचा लावा ओलसर, दाट गवतातला पक्षी. आपल्या नागपूरकडे क्वचितच. तोच शोधत उमरेड रोडच्या पल्याड गेलो होतो. दुपारी पाऊस कोसळला आणि पांदणीत गाडी रुतली. काळी माती मडगार्डमध्ये अशी ठासून बसली की चाक फिरेना. फोनला रेंज नाही.

सोयाबीनच्या वावरातून एक काका-काकू आले. काकांनी आधी माझी दुर्बीण निरखली. "जाळं-बिळं नाही न जी सोबत?" बरोबरच विचारलं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद, तरी फासे लागतातच. मग खाली बसून खुरप्यानं चिखल उकरला, चेनमधला तर बोटांनी काढला. काकूंनी डोक्यावरची मेणकापडाची खोळ काढून माझ्या कॅमेऱ्यावर टाकली, स्वतः भिजत उभ्या राहिल्या. काकांनी डांबरी रस्त्यापर्यंत गाडी ढकलली. पैशांना हातही लावला नाही. उलट बांधावरचं गवत दाखवून म्हणाले, "सकाळी या न जी, इथंच बोलतात लावे."

कोणते लावे, ते जाऊन पाहीन. नावं त्यांनी सांगितली नाहीत. कुणी ओळखत असाल तर निरोप द्या: खोळ माझ्याकडेच आहे, धुऊन ठेवलीय, घेऊन येतो.