सायलोसायबिनच्या चाचण्या सरकारी रुग्णालयांत होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमली पदार्थांवरील छाप्यांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात वरचेवर येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र त्या बातम्यांत मेफेड्रोन, हेरॉइन, एलएसडी आणि ‘मॅजिक मशरूम’ ही नावे एका दमात घेतली जातात. काही जातींच्या भूछत्रांत सापडणाऱ्या सायलोसायबिन या द्रव्याविषयी परदेशांतील मनोविकार विभागांत गेली वीस वर्षे जे गंभीर संशोधन चालू आहे, त्याचा मागमूसही वाचकाला लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराचे काम करणारी डॉक्टर म्हणून मला एक मागणी जाहीरपणे मांडायची आहे. उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर सायलोसायबिनच्या चाचण्या आपल्या सरकारी संस्थांत, कडक देखरेखीखाली सुरू व्हाव्यात, आणि त्यांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत त्या संस्थांबाहेर हे द्रव्य कोणीही कोणालाही देऊ नये.

नैराश्यावरची दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे घेऊनही ज्याला उतार पडत नाही, अशा रुग्णाची फाईल जाडजूड असते. आधी एस्सिटालोप्राम, मग व्हेनलाफॅक्सिन, मग जोडीला लिथियम, मध्ये समुपदेशनाची काही सत्रे, शेवटी ईसीटी (भूल देऊन मेंदूला दिलेला सौम्य विजेचा उपचार), आणि पानोपानी ‘थोडे बरे वाटते, झोप नाही, कामात मन लागत नाही’ हाच शेरा. ईसीटीने अनेकांना निश्चित गुण येतो, पण सर्वांना येत नाही आणि आलेला गुण टिकतोच असेही नाही. सोबत आलेली आई किंवा नवरा ‘आता पुढे काय?’ असे विचारतात, तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे फार थोडे उरलेले असते. ही मागणी मी त्या रुग्णांसाठी करते आहे. ज्याला पहिल्याच गोळीने बरे वाटते, त्याला या वाटेला जाण्याचे काहीही कारण नाही.

आता पुराव्याविषयी. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगामुळे चिंता व नैराश्य आलेल्या ५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतरही त्यांतील सुमारे ८० टक्के रुग्णांची लक्षणे लक्षणीयरीत्या कमी झालेली होती. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २९ रुग्णांच्या अभ्यासातूनही याच दिशेचे निष्कर्ष निघाले. मात्र हे आकडे लहान होते. २०२२ मध्ये १० देशांतील २३३ रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा चित्र अधिक वास्तव झाले. सायलोसायबिनची २५ मिलिग्रॅमची एकच मात्रा घेतलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांना तीन आठवड्यांनी स्पष्ट गुण आला होता, तर केवळ तुलनेसाठी १ मिलिग्रॅम दिलेल्यांपैकी १८ टक्क्यांना. बारा आठवड्यांपर्यंत टिकलेला गुण मात्र पहिल्या गटात २० टक्के आणि दुसऱ्यात १० टक्के एवढाच होता. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे त्रास झाले आणि आत्महत्येचे विचार वा स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमीअधिक प्रमाणात सर्वच गटांत नोंदले गेले. त्याआधी २०२१ मध्ये लंडनमध्ये ५९ रुग्णांवर सायलोसायबिनची थेट एस्सिटालोप्रामशी तुलना झाली होती आणि ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर दोहोंत निर्णायक फरक आढळला नव्हता. शिवाय या सर्व अभ्यासांना एक अडचण चिकटलेली आहे. आपल्याला खरी मात्रा मिळाली की लुटुपुटूची, हे रुग्णाला तासाभरातच कळते, आणि मग गुण औषधाचा किती व अपेक्षेचा किती हे वेगळे काढणे कठीण होते. जादूचे औषध सापडले, असे यांतून मुळीच सिद्ध होत नाही. मात्र ज्यांच्यापुढचे पर्याय संपत आले आहेत त्यांच्यासाठी कसून तपास करण्याइतके यात काहीतरी आहे, हे निश्चित सिद्ध होते.

चाचणीत प्रत्यक्ष काय घडते, हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ‘मशरूम’ म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे किनाऱ्यावरची पार्टी उभी राहते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार ज्याला स्वतःला आहे, त्याला, आणि बहुतेक चाचण्यांत हा आजार जवळच्या नात्यात असला तरीही, सुरुवातीलाच वगळले जाते. चालू औषधे सांभाळून, हळूहळू बंद केली जातात. दोन उपचारक रुग्णाशी आधी काही बैठकांत बोलतात, त्याच्या आयुष्याची माहिती करून घेतात आणि भीती वाटली तर काय करायचे ते ठरवतात. मग एका शांत खोलीत, पलंगावर, डोळ्यांवर पट्टी आणि कानांत संगीत असताना तो कॅप्सूल घेतो. शरीरात सायलोसायबिनचे सायलोसिन होते आणि ते मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या विशिष्ट ग्राहींवर (ते जिथे जोडले जाते त्या जागांवर) काम करते. पुढचे सहा तास उपचारक त्याच्या शेजारी बसून असतात. रुग्ण रडतो, घाबरतो, कधी कित्येक वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाशी बोलतो, कधी नुसता पडून राहतो. रक्तदाब ठरावीक अंतराने मोजला जातो. नंतरच्या दिवसांत जे अनुभवले त्यावर पुन्हा बैठका होतात. मौजेखातर कोणी करावे असे यात काही नाही.

हे द्रव्य मुळात आजाऱ्यांसाठीच वापरले जात होते. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या वाउत्ला दे हिमेनेस या डोंगरी गावी मासातेक समाजाच्या मारिया साबिना या वैदू स्त्रीने जून १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन या अमेरिकी बँकरला रात्रीच्या विधीत बसू दिले. आजाराचे मूळ शोधण्यासाठी रात्रभर गात, प्रार्थना करत भूछत्रे सेवन करण्याचा तो विधी होता. वॉसनचा लेख १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात आला, पुढच्याच वर्षी आल्बर्ट हॉफमन यांनी स्वित्झर्लंडमध्ये त्या भूछत्रांतून सायलोसायबिन वेगळे काढले, आणि काही वर्षांत त्या गावात अनुभवाच्या शोधात आलेल्या परक्यांची रीघ लागली. पोलीस आले, गावकरी चिडले, मारिया साबिनाचे घर जाळले गेले आणि १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली. ज्या समाजाने हे ज्ञान जपले त्याच्या वाट्याला काय आले, हे आज यावर औषध कंपन्या उभारणाऱ्यांनी विसरता कामा नये. आपल्याकडे मात्र काहीजण ऋग्वेदातील सोम म्हणजे असेच एखादे द्रव्य होते असे सांगून शिबिरांची जाहिरात करतात. सोम नेमका कोणता याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. वॉसन यांचे १९६८ मधील भूछत्राचे अनुमानही अनुमानच राहिले आहे. सोमाची सूक्ते असलेल्या ऋग्वेदाच्या नवव्या मंडलाचा आधार घेऊन आजच्या रुग्णाच्या तोंडात काही घालणे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते.

कायद्याकडे वळते. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सायलोसायबिन आणि एलएसडी सर्वांत कडक यादीत गेले. तरीही त्याच करारात शास्त्रीय आणि अतिशय मर्यादित वैद्यकीय उपयोगाला, सरकारच्या थेट नियंत्रणाखालील वा सरकारने खास मान्यता दिलेल्या संस्थांमध्ये, वाट ठेवलेली आहे. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या, कलम ८ मध्येही वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनाचा अपवाद स्पष्ट शब्दांत आहे. तेव्हा मी जी मागणी करते आहे तिच्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. गरज आहे ती परवानगीची वाट प्रत्यक्षात चालण्याजोगी करण्याची, आणि संस्थांच्या मनातील भीती घालवण्याची.

ही भीती कशातून येते हे समजून घ्यायचे तर एलएसडीचे उदाहरण पाहावे. त्याची नेहमीची मात्रा सुमारे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग असते आणि ती ब्लॉटर (टिपकागदासारख्या) कागदाच्या नखाएवढ्या चौकोनात मुरवलेली असते. कायद्यातील व्यापारी प्रमाणाची मर्यादा ०.१ ग्रॅम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कागदाचे वजनही मोजणीत धरावे असा निर्णय दिला. त्यामुळे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या चौकोनांवरही किमान १० वर्षांच्या शिक्षेचे कलम लागू शकते. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका जामीन प्रकरणात नैसर्गिकरीत्या उगवलेले भूछत्र हे मिश्रण नव्हे, म्हणजे त्याचे सगळे वजन अमली द्रव्याचे म्हणून धरता येणार नाही, असे म्हटले. विक्री करणाऱ्याला सवलत द्यावी असे माझे म्हणणे नाही. मात्र वजनाच्या बाबतीतच असा संभ्रम असेल, तर एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता आपल्या कपाटात असले द्रव्य ठेवण्यास धजावणार नाहीत, हे उघड आहे.

याची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. १९८५ च्या कायद्यानंतर प्रत्येक राज्याचे परवान्यांचे नियम वेगळे झाले, रुग्णालयांनी कटकट नको म्हणून मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि अफूचे अधिकृत उत्पादन करणाऱ्या आपल्याच देशात कर्करोगाचे रुग्ण वेदनेने तळमळत राहिले. वेदनाशमनाचे काम करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक गुंगीकारक औषधांसाठी देशभर एकच पद्धत आली. त्या २९ वर्षांत जे वेदनेत गेले त्यांना ती दुरुस्ती उपयोगी पडली नाही. मॉर्फिनची उपयुक्तता वादातीत होती, सायलोसायबिनची अजून नाही, हा फरक मी जाणते. म्हणूनच मी औषधाला मान्यता मागत नाही, चाचणीला मागते.

घाई केल्यास काय होते, तेही परदेशांत दिसले आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए (‘एक्स्टसी’ नावाने ओळखले जाणारे द्रव्य) देण्याची मुभा दिली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२० च्या मतदानानंतर कोणत्याही आजाराचे निदान नसतानाही प्रौढांसाठी केंद्रे उघडू दिली. हा मार्ग मला आपल्यासाठी चुकीचा वाटतो. एमडीएमएच्या उपचाराचा अर्ज अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारला. त्याच महिन्यात संबंधित तीन शोधनिबंध मागे घेण्यात आले. त्यामागे कॅनडातील चाचणीत उपचारकांनी एका महिला रुग्णाशी केलेले गैरवर्तन हे एक कारण होते. द्रव्याच्या अमलाखाली सहा तास पडून असलेला माणूस नकार देण्याच्या स्थितीत नसतो. चाचणीची संहिता लिहिताना स्पर्शाविषयीची संमती आधीच लेखी घेणे, खोलीत कायम दोन उपचारक असणे आणि त्यांपैकी एक तरी स्त्री असणे, संपूर्ण सत्राचे चित्रीकरण तटस्थ समितीकडे ठेवणे, या गोष्टी पहिल्या पानावर असायला हव्यात.

भारतात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात, तेव्हा हे चोचले कशाला, असा प्रश्न माझ्याच व्यवसायबंधूंकडून येतो. प्रश्न रास्त आहे. एका रुग्णामागे दोन प्रशिक्षित माणसांचा अख्खा दिवस खर्ची पडत असेल, तर येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांना ते आजच्या मनुष्यबळावर झेपणार नाही. पण हा उपचार आपल्याला परवडेल का, परिचारिका व मानसशास्त्रीय समुपदेशक तो देऊ शकतील का, आई-वडील किंवा जोडीदार खोलीबाहेर थांबण्यास तयार होतील का आणि त्यांनी आत बसल्यास परिणाम बदलतो का, यांची उत्तरे लंडन किंवा बाल्टिमोरमधून मिळणार नाहीत, कारण तेथे हे प्रश्न अशा रीतीने उभेच राहत नाहीत. ती येथेच, येथील रुग्णांबरोबर शोधावी लागतील. आणि चाचणी होत नाही म्हणून वापर थांबलेला आहे, असेही नाही. समाजमाध्यमांवर ‘उपचार शिबिरां’च्या जाहिराती पाहून औषधे परस्पर बंद करून आलेले रुग्ण आमच्या बाह्यरुग्ण विभागात येऊ लागले आहेत.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था व महाराष्ट्रातील किमान एक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांना या चाचणीसाठी निवडावे. औषध महानियंत्रक, अमली पदार्थविषयक केंद्रीय यंत्रणा आणि राज्याचे उत्पादन शुल्क खाते यांच्या परवानग्या एकाच अर्जावर, ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात. द्रव्याचा हिशेब मिलिग्रॅमपर्यंत ठेवावा आणि निष्कर्ष अनुकूल येवोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध करण्याचे बंधन परवान्यातच घालावे. दरम्यान शिबिरांच्या नावाखाली ही द्रव्ये देणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस यांनी आजच्याच कायद्याखाली कारवाई करावी.

आपली नम्र,
एक मानसोपचारतज्ज्ञ, सातारा