थारांटला शिकणाऱ्या लेकीस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुईसारख्या पानांवर धुराचा काय परिणाम होतो, हा विषय तू घेतलास हे ऐकून मला फार आनंद झाला. आणि तोही जर्मनीतल्या थारांटमध्ये! फ्रायबर्गच्या चांदीच्या भट्ट्यांभोवतीची झाडं का मरतात, हे रसायनशास्त्रज्ञ स्टॉकहार्ट यांनी १८५० च्या सुमारास तिथूनच शोधायला घेतलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ साली आला. त्यांना जे दिसणं शक्यच नव्हतं, ते तुला दिसणार आहे.

म्हणूनच एक सांगते. पडद्यावर नुकसान दिसलं की आधी विचार, हे धुराने केलं की मी?

स्प्रूसच्या सुईवर पर्णरंध्रांच्या रांगा असतात आणि प्रत्येक रंध्राच्या खळगीत मेणाच्या नळ्यांचं जाळं. नळी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. या जाळ्यामुळे पाणी बाहेर अडतं, वायूंची ये-जा मात्र चालू राहते. सल्फर डायऑक्साइड आणि आम्लयुक्त धुकं यांच्या माऱ्यात नळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा सपाट थर होतो, रंध्राचं तोंड बुजतं. पण हेच वयानेही होतं गं! पावसाने होतं, वाऱ्यात फांद्या घासल्या तरी होतं. म्हणून स्वच्छ हवेतल्या झाडाचीही सुई घे. त्याच साली फुटलेली, तेवढ्याच उंचीची, त्याच दिशेची. स्प्रूसच्या फांदीवर दरवर्षीची वाढ वेगळी ओळखता येते, त्याचा फायदा घे.

नमुना तयार करताना जास्त जप. नेहमीच्या सवयीने तो अल्कोहोलमधून काढू नकोस. अल्कोहोल, ॲसिटोन मेण धुऊन नेतात आणि तू केलेलं नुकसान धुराच्या नावावर जमा होतं. सुई हवेतच वाळव, चिमट्याने टोकाला धर, सोन्याचा पातळ मुलामा दे. व्होल्टेज कमी ठेव, कारण इलेक्ट्रॉनच्या झोतानेही मेण वितळतं. पेशींच्या आतलं पाहायला पातळ काप घेशील तेव्हा हरितलवकातली पटलं फुगलेली दिसतील. पण पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या ग्लुटारल्डिहाइडमध्ये टाकायला उशीर झाला तरी ती फुगतात.

सुईवर गुळगुळीत, वाटोळे गोळे दिसले तर ती बहुधा कोळशाची राख. क्ष-किरण तपासणीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम सापडेल. ही मूलद्रव्यं मातीतही असतात, पण मातीचे कण कंगोरेदार असतात, तेव्हा आकारही बघ. चंद्रपूरला मावशीच्या अंगणातल्या सागाच्या पानावर बोट फिरवलं की राखाडी थर निघायचा, आठवतं? त्यात राख किती आणि रस्त्याची धूळ किती, हे आपल्याला नुसत्या डोळ्यांनी कधीच कळलं नाही. परत आलीस की तीही पानं तपासू या. मला फार दिवसांपासून ते जाणून घ्यायचंय.

तुमच्याजवळच्या एर्त्सगेबिर्गे डोंगरात लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशाच्या धुराने स्प्रूसची वनंच्या वनं वाळली. १९९० च्या दशकात वीजकेंद्रांच्या धुरातलं गंधक काढायला लागले, तेव्हा हवा सुधारली. अशा निर्णयाला पुरावा लागतो आणि तो खणखणीतच हवा. सायली, तुझ्या एका फोटोवरूनही उद्या कुणी वाद घालेल.

स्वच्छ जागेच्या सुयांचे फोटो आधी पाठव. फोटोतली मोजपट्टी कापू नकोस आणि सुई कोणत्या उतारावरची, कोणत्या साली फुटलेली, ते खाली लिही.

तुझी,
आई