नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीदादांना

मिस्त्रीदादा, नमस्कार.

पत्रबित्र तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, ठाऊक आहे. तरी लिहितेय, कारण त्या दिवशी तुमच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

बाबा 79 वर्षांचे. गाडीवरून घरात रोज खडाजंगी. पुण्याचा भाऊ फोनवरून सांगणार, ‘त्यांना दुखवू नकोस.’ नातेवाइकांचं तर कौतुकच, ‘या वयात द्वारकेच्या चौकातून गाडी काढतात, मानलं बुवा!’ आणि लायसन्सच्या वेळचे ते डॉक्टर! पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं, सोबत डॉक्टरचा दाखला लागतो, तो काय शोभेला? बाबांनी भिंतीवरचा तक्ता घडाघडा वाचला, यांनी मान वर न करता सही ठोकली.

त्या दिवशी गॅरेजात तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत आणि थबकलात. बंपरचा कोपरा, मागचं दार, आरसा, जे काही घासलेलं ते डावीकडचंच. उजवी बाजू कोरी करकरीत. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलणार. तुम्ही आधी गॅरेजमधल्या दोन्ही पोरांना चहाला पिटाळलंत. बाबांना स्टूल दिलंत, हात पुसत स्वतः खाली उकिडवे बसलात आणि हळूच विचारलंत, ‘साहेब, ओझरला असं विमान तुम्ही सोडलं असतं का?’

बाबांची सगळी नोकरी ओझरच्या मिगच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. त्यांनी दारावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. ‘नसतं सोडलं,’ म्हणाले. तपासणी गाडीची नाही, डोळ्यांची करायची आहे, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. किल्ली तुमच्याकडेच ठेवून आम्ही रिक्षाने घरी आलो.

काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलीय. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून पेपर वाचता येतो, तक्ताही वाचता येतो; डावीकडून शाळेचं पोर सायकलवर आलं तर मात्र कळणार नाही. गेलेली नजर परत येत नाही म्हणे, उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे. बाबा ते घड्याळ लावून घालतात.

शहाणपण शिकवणारे पैशाला पासरी मिळतात हो. म्हाताऱ्या माणसाला त्याची चूक दाखवताना आजूबाजूला कोण उभं आहे हे बघणारा एखादाच. आमच्या शिकल्यासवरल्या गोतावळ्यात हे कुणाला सुचलं नाही, माझ्या भावाला तर नाहीच. (त्याने हे वाचावं, म्हणूनच उघड लिहितेय.) पोरांसमोर तुम्ही तेच वाक्य बोलला असतात, तर बाबा हट्टाने गाडी घेऊन निघाले असते, मी खात्रीने सांगते.

आता एक काम आहे. गाडी विकायची ठरलीय. गिऱ्हाईक घरी येऊन गेलं, पण बाबांची अट आहे की किंमत तुम्हीच ठरवायची. आई म्हणते, मिस्त्रींना रविवारी जेवायलाच बोलाव. पोरांनाही घेऊन या.