ओवीचे पाय, बाबांचे पाय

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर निम्मं सांगायचं राहतं, आणि आई रडायला लागली की उरलेलं निम्मंही. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

ओवीला मुडदूस झालाय. हो, तोच जुना. मलाही वाटायचं, तो आजीच्या काळाबरोबर गेला. सर्दीसाठी दाखवायला नेलं होतं. मीच म्हटलं, पाय जरा वाकडे वाटतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांचे असतात. पण बोलता बोलता त्यांनी तिचं मनगट धरलं आणि गप्प झाल्या. आई, बारशाला तू घातलेल्या मनगट्या आठवतात? त्या निघेनात, तेव्हा "अंग धरलं गं पोरीनं" म्हणून आपण खूश झालो होतो. अंग नव्हतं ते. हाडाचं टोक रुंद झालं होतं. मग त्यांनी फ्रॉक वर करून माझं बोट तिच्या बरगड्यांवरून फिरवलं. दोन्ही बाजूंना ओळीनं गाठी, माळेचे मणी लागावेत तशा. सोळा महिने मी रोज आंघोळ घालतेय तिला! उशीवर डोक्याचा घाम, पहिला दात चौदाव्या महिन्यात, उभं केलं की लगेच फतकल मारणं, हे सगळं दिसत होतंच. एकेक करून दिसलं आणि एकेक करून सोडून दिलं.

वाढत्या हाडाचं टोक आधी मऊ कूर्चेचं असतं, त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरलं की ते टणक होतं. ओवीचं भरतच नव्हतं. एक्स-रेमध्ये मनगटाजवळचं टोक वाटीसारखं खोलगट दिसलं आणि कडा जुन्या धोतरासारखी विरलेली. ऊन अंगावर पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागतं. तिच्या रक्तात ते ६ आलं. १२च्या खाली म्हणजे कमतरता. हाडं नीट भरत नसली की रक्तात चढणारं अल्कलाइन फॉस्फटेजही खूप वाढलेलं.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत का? बाबा, मी तुमचं नाव सांगून टाकलं. मुडदुसाचा एक प्रकार घराण्यात चालतो, त्यात फॉस्फरस लघवीवाटे निघून जातं आणि ड जीवनसत्त्व कितीही दिलं तरी भागत नाही. पण त्यातला जो जास्त आढळतो, तो बापाला असला तर प्रत्येक मुलीकडे येतोच. म्हणजे आधी मला हवा होता. माझे पाय सरळ, उंची तुमच्याहून जास्त. तरी माझं फॉस्फरस तपासलं, नीट निघालं. तो प्रश्न मिटला.

मग तुमचे कशानं वाकले? मी म्हटलं, आमच्या मंगळवेढ्यात उन्हाला काय तोटा! तर बाई म्हणाल्या, दूध मिळायचं का त्यांना? आणि मला हसूच आलं. घरात म्हैस, पण आजी सगळं दूध रतिबाला घालायची आणि तुमच्या वाट्याला चहापुरतं, ही गोष्ट तुमच्याच तोंडून शंभरदा ऐकलीय. तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी. त्यात फायटेट नावाचं धान्यातलं द्रव्य असतं, तेही कॅल्शियम नीट अंगी लागू देत नाही. दिवसभर उन्हात उघडं हिंडणारं पोरही मुडदुसानं वाकतं, हाडात भरायला कॅल्शियमच नसेल तर. आता सत्तराव्या वर्षी खात्रीनं कोण सांगणार म्हणा. पण घोड्यावर बसून पाय वाकले ही तुमची थाप यापुढे ओवीला सांगू नका.

तिचं नेमकं उलट झालं. दूध भरपूर, ऊन नाही. समोरच्या इमारतीनं आमची गॅलरी झाकलीय, पाळणाघर बंद खोलीत, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात कामाचे किरण उरत नाहीत. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व अगदी थोडं असतं, म्हणून जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचे असतात. मी तिसऱ्या महिन्यात बाटली संपल्यावर दुसरी आणलीच नाही. "अंगावरच्या दुधात सगळं असतं" असं तू म्हणाली होतीस खरी, पण आई, आणायची मी होते. शिवाय माझंही तपासलं तर ९. तिला पोटातही पुरेसं मिळालं नसणार.

आता रोज ३००० युनिट, तीन महिने, त्यानंतर ६००. सोबत रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, कारण हाडं भरायला लागली की रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. शेजारच्या काकू सांगतात ते एकच मोठं इंजेक्शन बाईंनी दिलं नाही. रोजचा डोस जास्त सुरक्षित, म्हणाल्या. चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. विरलेल्या कडेशी बारीक पांढरी रेघ आलीय, म्हणजे भरायला सुरुवात झाली. पाय बहुतेक आपोआप सरळ होतील, वर्ष-दोन वर्षं लागतील. ऑपरेशनचं नाव काढू नका.

सुट्टीत येऊ तेव्हा मालिश खुशाल कर, पण पाय ओढायचे नाहीत आणि पट्ट्या बांधायच्या नाहीत. मऊ हाड मोडू शकतं. नाचणीचं सत्त्व पाठवत राहा, दुधातच शिजवते. त्यात कॅल्शियम छान, ड जीवनसत्त्व मात्र नाही. आणि कोवळं ऊन तुझ्या समाधानासाठी ठीक आहे, पण सावली आपल्याहून आखूड पडते तेव्हाचं ऊन खरं कामाचं. आम्ही अकराच्या सुमाराला थोडा वेळ गच्चीवर जातो.

बाबा, एक राहिलं. गुडघ्यांसाठी तुम्हाला दिलेली ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक आहे. मागे तुम्ही "रोज दुधातून घेतो" म्हणालात, ते मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. जास्त झाली की रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडालाही धोका. आजची घेऊ नका. चिठ्ठी आणि रिकाम्या पुड्या घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा, आणि किती घेतल्यात ते मला फोनवर सांगा.

तुमची,
मनू